अठराच्या घरातला हुक

१

दादा गेला त्या सकाळी त्याच्या गळ्यातला बो टाय चुकीचा बांधलेला होता.

हे मी पहिल्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं, दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानाच्या धाकट्या मालकांना आणि तिसऱ्या दिवशी शेजारणीला. तिघांनी माझ्याकडे अगदी एकसारखं पाहिलं. सख्खा भाऊ गेलाय, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. डॉक्टरांनी तर मला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. मी त्या आणल्या नाहीत. मला झोपायचं नव्हतं. मला कुणाचा तरी गळा धरायचा होता, फक्त कुणाचा तेवढं कळायचं राहिलं होतं.

मी रफू करते. पुरुषांचे उंची कपडे शिवणारं एक जुनं दुकान आहे, त्याच्या माळ्यावर खिडकीशी बसून एकतीस वर्षं मी लोकांच्या कोटांची भोकं बुजवली. कसर लागलेलं, सिगारेटने जळलेलं, खिळ्यात अडकून फाटलेलं असं सगळं माझ्याकडे येतं आणि परत जाताना काही झालंच नव्हतं असं होऊन जातं. माझी रफू दिसत नाही हीच माझी ख्याती. रफू करणारी बाईही कुणाला दिसत नाही, ती त्यातलीच गंमत.

दादा खाली बेतायच्या टेबलाशी असायचा. तो दुकानाचा मास्टर. चाळीस वर्षं त्याने मोठमोठ्यांचे खांदे आणि पोटं मापली आणि एकालाही त्याच्या पोटाची लाज वाटू दिली नाही. अंगात राखाडी जाकीट आणि गळ्यात बाटली-हिरव्या रेशमाचा बो, हा त्याचा रोजचा वेश. बोच्या बाबतीत तो सोवळ्यासारखा कडक. काळा बो संध्याकाळी सहाच्या आत नाही. बो आणि खिशातला रुमाल एकाच कापडाचा नाही. "आणि पंख डोळ्यांच्या बाहेर जाता कामा नयेत," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "गेले, की माणूस जाहिरातीतला दिसतो." त्याच्या बोची पुढची दुमड नेहमी डाव्या अंगाला, हृदयाच्या बाजूला यायची. चाळीस वर्षांत ती एकदाही इकडची तिकडे झाली नव्हती.

दुकान साडेदहाला उघडतं. दादा नऊलाच यायचा, शांततेत कापड बेतायला. त्या दिवशी मी आले तर टेबलावर खडूच्या रेघा अर्ध्यावर थांबलेल्या होत्या. ट्रायल रूममध्ये भिंतीला लागून मोठी खुर्ची आहे, तीत तो मान कलती करून बसला होता. हात गार पडले होते.

डॉक्टर म्हणाले, हृदय. दादाला तो त्रास होताच. गोळ्यांची डबी, म्हणजे बटणांची एक जुनी पितळी डबी, तो जाकिटाच्या डाव्या खिशात ठेवायचा. ती उजव्या खिशात निघाली. एकही गोळी कमी नव्हती. आणि बोचे पंख त्याच्या डोळ्यांच्याही बाहेर गेले होते, नि दुमड उजवीकडे होती.

दवाखान्यातल्या नर्सने बो काढताना गाठ सोडली नाही, हुकही काढला नाही, मानेमागची पट्टी तेवढी कात्रीने कापली. त्यामुळे पाकिटातून तो माझ्या हाती आला तेव्हा गाठ जशीच्या तशी होती. चौथ्या दिवशी मला धीर झाला आणि मी पाकीट उघडलं. दोन वर्षांपूर्वी दादाच्या बोला कसरीने भोक पाडलं होतं, डाव्या पंखाच्या मुळाशी, मुगाएवढं. ते मीच बुजवलं होतं. डोळ्यांना ते दिसायचं नाही, पण माझ्या अंगठ्याला कळायचं.

मी अंगठा फिरवला. डावा पंख पाहिला, उजवा पाहिला, सगळी पट्टी चाचपली. रेशीम नवंकोरं होतं.

हा दादाचा बो नव्हताच.

२

फौजदार साहेब माझ्या रफूचे गिऱ्हाईक. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांच्या कोटाला इस्त्रीने भोक पडलं होतं आणि ते मी चार तासांत नाहीसं केलं होतं. बायकोला अजून पत्ता नाही म्हणतात. म्हणून तरी त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

मी बो त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे ताई, कुणीतरी मेलेल्या माणसाचा बो बदलला?"

"मेलेल्याचा किंवा मरत असलेल्याचा. दादा आपणहून मेला असेल, तर त्याच्या गळ्याला हात लावायचं कुणाला काय कारण होतं?"

साहेबांनी बो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "किल्ल्या कुणाकडे असतात?"

"दादाशिवाय तिघांकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते साध्या कपड्यांत दुकानात आले. कोट शिवायचाय म्हणून नव्हे, सरळ चौकशीलाच. मी काजं पाहण्याच्या निमित्ताने खालीच बसून राहिले. मला कुणी ऊठ म्हटलं नाही. म्हटलं ना, मी दिसत नाही.

पहिला आला दुसरा मास्टर. दादाचा शिष्य, डावखुरा, म्हणून सगळे त्याला डावऱ्या म्हणतात. बावीस वर्षं दादाच्या हाताखाली काढली, आता दादा गेल्यावर टेबल त्याचंच. आदल्या संध्याकाळी दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. डावऱ्याने एका कोटाची कॉलर वाकडी बेतली आणि दादाने गिऱ्हाइकासमोर त्याला बोल लावले.

"राग आला होता साहेब, खोटं कशाला सांगू? घरी जाऊन जेवलोही नाही," डावऱ्या म्हणाला. "पण सकाळी मी दहाला आलो. शटर वर केलं, इस्त्री तापत लावली. मास्टर टेबलाशी दिसले नाहीत, वाटलं चहाला गेले असतील. आतल्या खोलीत आहेत हे मला ठाऊकच नव्हतं."

दुसरा काउंटरवरचा विक्रेता. बोलण्यात इतका गोड की त्याला साखऱ्या नाव पडलंय. दिवसाला वीस जणांना तो बो बांधून दाखवतो. आमच्याकडे बांधायची पद्धत दादाने घालून दिलेली. गिऱ्हाइकाच्या पाठीशी उभं राहायचं, दोन्ही हात त्याच्या खांद्यांवरून पुढे घ्यायचे आणि दोघांनी एकाच आरशात पाहायचं. समोर उभं राहून कुणाच्या तोंडावर श्वास सोडायचा नाही. साखऱ्या तयार गाठीचे बो हाताने बांधलेले म्हणून विकत होता आणि दादाने ते पकडलं होतं, हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं.

"मास्टर म्हणजे देवमाणूस हो," साखऱ्या म्हणाला. मग आवाज खाली आणून पुढे म्हणाला, "पण साहेब, खरं विचाराल तर मास्टरांच्या जाण्याने आमच्यासारख्यांचं काय भलं होणार? थोरल्या मालकांनी कागदच करून ठेवलाय. जोवर मास्टरच्या हातात कात्री आहे तोवर दुकान विकायचं नाही. आता बोला."

म्हणजे बोट तिसऱ्याकडे. धाकटे मालक आतल्या केबिनमध्ये बसले होते, गळ्यात नेहमीचा इलॅस्टिकचा तयार बो. त्यांच्या पाठीमागे त्यांच्या वडिलांचे, वारलेल्या थोरल्या मालकांचे, दोन फोटो लावलेले आहेत. एकात ते उभे आहेत, बैलासारखी जाड मान, छाती पुढे. दुसऱ्यात बसलेले, आजारपणानंतरचे, उजवा हात मांडीवर निपचित. दोन्हीत बो झोकात.

"कागद आहे, नाही कोण म्हणतं?" धाकटे मालक म्हणाले. "पण ताई म्हणतात तसं बोचंच कोडं असेल तर मी त्यातून बाद. दुकानाची लाज म्हणा, मला स्वतःला बो बांधता येत नाही. हा बघा," असं म्हणत त्यांनी इलॅस्टिक ताणून सोडलं. ते टप्पकन गळ्याला लागलं आणि साहेब हसले.

तेवढ्यात मालकीणबाई, धाकट्या मालकांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. त्या वरच राहतात. मला बघून त्यांचे डोळे भरले. "ताई, तुम्ही जेवता तरी का?" एवढंच त्या म्हणाल्या. दुकानात मला हे विचारणाऱ्या त्या एकट्याच.

बाहेर आल्यावर साहेबांनी खिशातून बो काढला आणि दुमडीवर बोट ठेवलं. "ताई, उजव्या हाताच्या माणसाची दुमड डावीकडे येते, बरोबर? मग ही उजवीकडे आहे. उलट्या हाताने बांधलाय हा. तुमच्या दुकानात डावखुरा एकच आहे."

३

माणसाला सूड घ्यायचा असला की मान हवी असते, ती कुणाची का असेना.

साहेब डावऱ्याला न्यायला आले तेव्हा मी त्यांच्या आधी टेबलापाशी पोचले आणि त्याच्या थोबाडीत मारली. चाळिशी उलटलेला माणूस, दोन मुलींचा बाप. त्याने हातसुद्धा वर केला नाही.

"बावीस वर्षं त्याच्या डब्यातलं खाल्लंस," मी ओरडले. "कॉलरसाठी जीव घेतलास?"

"ताई, मी मास्टरांना हात लावीन?" त्याच्या तोंडून एवढंच निघालं. तो साहेबांबरोबर गेला. जाताना त्याने टेबलावरची दादाची कात्री सवयीने म्यानात घातली, धार खराब होऊ नये म्हणून. ते मी पाहिलं, पण रागाने तिकडे पाठ फिरवली.

मी घरी आले. मला समाधान वाटायला हवं होतं, पण ते वाटेना. दादाचा एक जुना बो कपाटात होता, तो काढला. साहेबांचं म्हणणं स्वतःच्या हाताने पाहावं म्हणून आरशासमोर माझ्या गळ्यात बांधला. दादाने मला विशीत शिकवलं होतं, बोटं विसरली नव्हती. दुमड डावीकडे आली. ठीक.

मग तोच बो टेबलावरच्या फुलदाणीच्या गळ्यात बांधला. मी उजव्या हाताची, फुलदाणी माझ्यासमोर. बांधून झाला आणि मी नुसती बघत राहिले.

फुलदाणीची दुमड उजवीकडे होती.

पुन्हा बांधला, पुन्हा तेच. अर्थात तेच येणार. समोरासमोर उभं राहिलं की माझा उजवा हात तिच्या डाव्या बाजूला येतो, सगळंच पालटतं. मग मी हात बदलून, धडपडत, डावखुऱ्यासारखा बांधला. दुमड डावीकडे, अगदी दादाच्या बोसारखी.

ट्रायल रूममधली ती खुर्ची भिंतीला स्क्रूने पक्की केलेली आहे. एकदा एक जाडजूड गिऱ्हाईक तिच्यासकट मागे पडलं होतं, तेव्हापासून. तीत बसलेल्या माणसाच्या पाठीशी मुंगीही उभी राहू शकत नाही. दादाला बो बांधला तो समोरूनच. आणि समोरून बांधून दुमड उजवीकडे आली, म्हणजे बांधणारा उजव्या हाताचा. डावऱ्याने बांधला असता तर दुमड बरोबर जागी आली असती आणि मलाही कळलं नसतं.

ज्या माणसाच्या मी थोबाडीत मारली होती, तोच एक त्या दुकानात निर्दोष ठरत होता.

४

मी सकाळीच साहेबांच्या टेबलावर फुलदाणी नेऊन ठेवली आणि त्यांना दोनदा बांधून दाखवलं. ते चांगले अधिकारी आहेत, चूक दिसली की मान्य करतात. डावऱ्या दुपारी सुटला. मी माफी मागायला त्याच्यासमोर गेले.

"राहू द्या ताई," तो म्हणाला. "फक्त खरा माणूस सापडला की त्याला याच्यापेक्षा जोरात मारा."

आता दोघे उरले. साखऱ्या आणि धाकटे मालक. एकाला दिवसाला वीस बो बांधायची सवय, दुसऱ्याला बांधताच येत नाही. साहेबांचं मत साखऱ्यावर होतं. माझंही होतं, पण एक थोबाडीत चुकीची गेली होती. दुसरा हात उचलण्याआधी मला खात्री हवी होती.

शनिवार होता. शनिवारी दुकानातल्या चिंध्यांचं पोतं माळ्यावर येतं. ते गादीवाल्याकडे जायच्या आधी मी त्यातून धागे काढून घेते. त्या त्या कापडाचाच धागा असल्याशिवाय रफू अदृश्य होत नाही. पण चिंध्यांचं पुढे काय होतं हे काउंटरवर कुणालाच माहीत नसतं, आणि केबिनमध्ये तर नाहीच नाही. तिथे पोतं म्हणजे कचरा.

पोत्याच्या तळाशी अस्तराच्या तुकड्यांत एक हिरवी पट्टी होती. मी ती ओढली. मानेमागची पट्टी उभी फाटलेली, कुणीतरी मुठीत धरून ओढल्यासारखी. डाव्या पंखाच्या मुळाशी अंगठा गेला आणि मुगाएवढी जागा त्याला ओळखीची लागली.

मी दादाचा बो तोंडावर धरला आणि पहिल्यांदा रडले. इतके दिवस मला रडू आलं नव्हतं. तो मरत असताना कुणीतरी त्याला गळ्याला धरून ओढलं होतं.

मग डोळे पुसले आणि दोन्ही बो शेजारी शेजारी ठेवले. बोच्या पट्टीला मागे हुक असतो आणि मापाची घरं असतात. चौदा, साडेचौदा, पंधरा, असं अठरापर्यंत. हुक ज्या घरात, तेवढं गळ्याचं माप. दादाच्या बोचा हुक साडेचौदात होता, त्याच्या मानेचं माप तेच. आमच्या कारखान्यातून नवे बो येतात ते सगळे साडेपंधरावर लावून. काउंटरच्या खणात जाऊन पाहिलं, अकरा हिरवे बो होते आणि अकराही साडेपंधरावर.

दादाच्या गळ्यातल्या नव्या बोचा हुक अठरात होता.

पंख एवढे मोठे का दिसत होते ते आता कळलं. पट्टी ढिली, म्हणून गाठीला रेशीम जास्त उरलं. पण साडेपंधरावरचा हुक काढून मुद्दाम अठरात का घालावा? साखऱ्याचे डोळे मान बघूनच माप सांगतात. झोपेतसुद्धा त्याने साडेचौदाच लावलं असतं. अडाणी माणसाने हुकाला हातच लावला नसता. हुक हलवायचा हे ज्याला माहीत आहे आणि जो विचार न करता अठरावरच नेतो, असा हात कुणाचा? अठराची मान या दुकानात कुणाची होती?

मी जिना उतरले आणि केबिनच्या काचेतून आत पाहिलं. धाकटे मालक फोनवर हसत होते. त्यांच्या पाठीमागे थोरले मालक दोन फोटोंतून माझ्याकडे पाहत होते. तेरा वर्षं मी ते फोटो पाहत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या बोकडे पाहिलं.

उभ्या फोटोत दुमड हृदयाच्या बाजूला होती. बसलेल्या फोटोत ती उजवीकडे होती.

५

सोमवारी साहेबांनी तिघांना ट्रायल रूममध्ये बोलावलं. खुर्चीत मी लाकडी पुतळा बसवला होता, दादाच्याच मापाचा. तिपाईवर तीन हिरवे बो ठेवले होते, खणातून काढलेले.

"एकेकाने बांधा," साहेब म्हणाले.

डावऱ्याने हुक साडेचौदावर आणला आणि समोरून बांधला. दुमड डावीकडे आली. साखऱ्याने आधी खुर्ची ओढून बघितली, ती हलेना तेव्हा नाइलाजाने समोर उभा राहिला. त्यानेही न बघता साडेचौदावर हुक लावला. दुमड उजवीकडे आली. "साहेब, हे... मी नाही हो!" त्याची पाचावर धारण बसली.

"तू नाहीस," मी म्हणाले. "तू लबाड आहेस, पण माप चुकवणारा नाहीस."

धाकटे मालक दाराला टेकून उभे होते. "माझी परीक्षा कशाला? मला येत नाही हे सांगितलंय मी."

"स्वतःच्या गळ्यात येत नाही. खरंच बोललात," मी म्हणाले. "पण थोरल्या मालकांचा उजवा हात गेला, त्यानंतर सहा वर्षं ते रोज बो लावून खाली यायचे. एका हाताने बो बांधता येत नाही. कोण बांधायचं?"

"नर्स होती."

मी मालकीणबाईंना मुद्दाम बोलावलं नव्हतं. त्या बाईला यात ओढायचं माझ्या मनात नव्हतं. पण चहाचा ट्रे घेऊन त्या दारात उभ्या होत्या आणि त्यांना बिचारीला काय चाललंय तेच ठाऊक नव्हतं.

"नर्स कुठली?" त्या म्हणाल्या. "बाबा तिला गळ्याला हात लावू द्यायचे का? तुम्हीच तर बांधायचात रोज. त्यांना खुर्चीत बसवून, समोर गुडघ्यावर बसून. किती मायेनं करायचात."

मालकीणबाईंनी ट्रे खाली ठेवला.

मी दोन्ही फोटो काढून आणले होते, ते पुतळ्याच्या मांडीवर ठेवले. "हा धडधाकट असतानाचा, स्वतः बांधलेला. हा आजारपणातला, समोरून उजव्या हाताने बांधलेला. मान अठराची. रोज सकाळी हुक अठरात. सहा वर्षं बोटांना तेच वळण. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे ज्याच्यासाठी खोड लागली तो मेला, तरी ती गेली नाही. दादा खुर्चीत, तुम्ही समोर, हातात बो. बोटांनी आपणहून अठराचं घर शोधलं."

मग मी चिंध्यांतला फाटका बो त्यांच्यासमोर धरला.

"आणि हा माझ्या भावाचा. यात माझी रफू आहे. तुम्हाला ती दिसली नाही, यात तुमचा दोष नाही. ती कुणालाच दिसत नाही."

धाकट्या मालकांनी बायकोकडे पाहिलं, मग बसलेल्या फोटोकडे. आणि जे बोलले ते आमच्याशी नव्हे, त्या फोटोशी बोलले.

"सहा वर्षं! अंघोळ घालायची, कपडे घालायचे, बो बांधायचा. आणि रोज सकाळी आरशात बघून यांचं एकच वाक्य. मास्टरसारखा नाही जमत तुला. एकदा तरी बरा आहे म्हणायचं ना! मेल्यावरही कागदात कोण? मास्टर!"

"त्या सकाळी काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"बोलायला गेलो होतो. आता घरी बसा म्हटलं. तो म्हणाला, तुझ्या बाबांना शब्द दिलाय. आवाज चढले. मग त्याने छातीला हात लावला आणि डबी काढली. मी ती घेतली. बस. घेतली आणि उभा राहिलो."

"तो काही म्हणाला?" हे मी विचारलं.

"हात पुढे केला नुसता. मग दाराकडे जायला उठला. मी बो धरून मागे खुर्चीत ओढलं. फाटला तो. नंतर डबी खिशात ठेवली, खणातून दुसरा बो आणला. फाटका दिसला असता तर लोकांनी विचारलं असतं."

डावा खिसा म्हणून त्यांनी समोरून आपल्या डाव्या बाजूचा धरला, त्यामुळे डबीही उलट्या खिशात गेली होती. दादाने हात पुढे केला होता. डावऱ्याकडे टेप मागताना करायचा तसाच केला असेल.

दाराबाहेरच बेतायच्या टेबलावर दादाची कात्री म्यानाबाहेर होती. माझ्यापासून दोन पावलांवर. मी तिच्याकडे पाहिलं हे डावऱ्याने पाहिलं आणि तो मध्ये आला नाही. माझा हात गेलाही असता. पण मग धाकटे मालक पाच मिनिटांत सुटले असते, आणि मला त्यांना सोडायचं नव्हतं. त्यांनी जगावं, रोज उठावं आणि रोज सकाळी त्यांना तो पुढे केलेला हात दिसावा, हे मला हवं होतं.

मी फक्त एक थोबाडीत दिली. डावऱ्याने सांगितलं होतं, त्याच्यापेक्षा जोरात.

इलॅस्टिकचा बो तुटून जमिनीवर पडला. तो कुणी उचलला नाही.

६

खटला दोन वर्षं चालला. सात वर्षांची शिक्षा झाली. सातच का, असं मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, ताई, कायद्याचं माप असंच असतं, थोडं ढिलं. मी म्हटलं, मग ते मास्टरकडे दाखवायला हवं होतं.

मालकीणबाईंनी दुकान विकलं नाही. टेबलाशी डावऱ्या उभा असतो, गळ्यात बो लावून, दुमड उजवीकडे. साखऱ्या आता हाताने बांधलेले म्हणून हाताने बांधलेलेच विकतो. मीही माळ्यावर आहे.

पुरावा म्हणून कोर्टात गेलेला दादाचा बो निकालानंतर मला परत मिळाला. फाटलेली पट्टी मी शिवायला घेतली. हिरवं रेशीम होतं माझ्याकडे, त्याच जातीचं. एका दुपारचं काम, कुणाला कळलंही नसतं की तो कधी फाटला होता.

मी लाल दोरा घेतला. जाड घेतला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी दिसेल अशी रफू केली, प्रत्येक टाका सुटा मोजता येईल अशी.

"ताई, एवढा लाल?" मालकीणबाईंनी विचारलं.

"हो."

खिळा आणि हातोडी त्यांनीच आणून दिली.

दुकानात शिरल्यावर समोरच्या भिंतीवर तो बो लावलाय, काचेच्या चौकटीत, हुक साडेचौदाच्या घरात. लोक विचारतात, बाकीच्या फोटोंपेक्षा हा एवढा उंच का? धाकटे मालक तसे उंच आहेत. सुटून आले की याच दारातून येतील, बायको वर राहते. तेव्हा मान वर किंवा खाली करायचे कष्टसुद्धा त्यांना पडू नयेत म्हणून खिळा बरोबर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला ठोकलाय. त्यांची मापं दादाच्या वहीत होतीच.